घड्याळ उजव्या मनगटावर : संकेत, सोय आणि यंत्राची रचना

मनगटी घड्याळ डाव्या हातात बांधावे, हा संकेत समाजात इतका रुळला आहे की उजव्या मनगटावर घड्याळ दिसले तर आजही अनेकांच्या भुवया उंचावतात. साध्या घड्याळाच्या बाबतीत हा प्रश्न तेवढ्यावरच संपतो. मात्र काही लाख रुपये मोजून स्विस बनावटीचे यांत्रिक घड्याळ घेणाऱ्या ग्राहकासमोर, किंवा वडिलांचे जुने किमती घड्याळ वारशाने मिळालेल्या डावखुऱ्या मुलीसमोर, तो वेगळ्या स्वरूपात उभा राहतो. घड्याळ उजव्या हातात बांधले तर यंत्रावर परिणाम होईल का, वेळ चुकेल का, झीज लवकर होईल का आणि ते शिष्टाचाराला धरून असेल का, असे ते प्रश्न असतात.

याचे थोडक्यात उत्तर असे की, घड्याळ कोणत्या मनगटावर बांधावे याचा कोणताही लिखित नियम नाही. डाव्या हाताचा संकेत घड्याळाच्या रचनेतून आणि बहुसंख्य लोकांच्या उजव्या हाताच्या सवयीतून घडत गेला. तो मोडल्याने घड्याळ बिघडत नाही. मात्र काही गोष्टी निश्चितपणे बदलतात आणि त्या माहीत असल्यास महागड्या वस्तूचे नुकसान टाळता येते.

संकेताचे मूळ किल्लीत

घड्याळाला किल्ली देण्याची आणि काटे फिरवण्याची जी लहानशी दातेरी चकती बाजूला असते, तिच्यात या संकेताचे मूळ आहे. पूर्वी खिशातल्या घड्याळांना किल्ली देण्यासाठी स्वतंत्र चावी बाळगावी लागे. फ्रेंच घड्याळजी आद्रियाँ फिलिप यांनी १८४५ मध्ये चावीविना किल्ली देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे ‘पाटेक फिलिप’ या कंपनीच्या नावात त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. या पद्धतीमुळे किल्ली घड्याळाचाच भाग बनली आणि ती नेमकी कोठे असावी, हा प्रश्न रचनाकारांसमोर आला.

खिशातल्या घड्याळांत तेव्हा दोन रचना प्रचलित होत्या. उघड्या तबकडीच्या घड्याळात किल्ली बाराच्या आकड्यावर असे, तर तबकडीवर झाकण असलेल्या घड्याळात ती तीनच्या आकड्यावर असे. मनगटी घड्याळाला ही दुसरी रचना सोयीची ठरली. डावा हात छातीसमोर आडवा धरला की तीनचा आकडा पंजाच्या दिशेला येतो. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी तेथे सहज पोहोचतात आणि घड्याळ मनगटावर असतानाच काटे लावता येतात.

मनगटी घड्याळे आरंभी प्रामुख्याने स्त्रियांचा दागिना मानली जात. ब्रेगे यांनी नेपल्सच्या राणीसाठी बनवलेले घड्याळ १८१२ मध्ये पूर्ण झाले, तर पाटेक फिलिपने हंगेरीतील एका सरदार घराण्यातील स्त्रीसाठी १८६८ मध्ये मनगटी घड्याळ तयार केले. १९०४ मध्ये लुई कार्तिए यांनी विमानविद्येतील अग्रणी आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ यांच्यासाठी मनगटी घड्याळ बनवले. उड्डाण करताना खिशात हात घालून वेळ पाहणे अवघड होते, ही त्यामागची अडचण होती. पहिल्या महायुद्धात सैनिकांनाही हीच अडचण आली. खंदकात आणि तोफखान्यात वेळ अचूक पाळणे आवश्यक होते आणि हात मोकळे ठेवणेही आवश्यक होते. युद्धानंतर पुरुषांच्या मनगटावर घड्याळ स्थिरावले आणि त्यासोबत डाव्या हाताचा संकेतही पक्का झाला.

भारतात हा संकेत घरोघरी पोहोचवण्यात ‘हिंदुस्थान मशीन टूल्स’ अर्थात एचएमटीचा मोठा वाटा आहे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरू येथे १९६१ मध्ये एचएमटीचे घड्याळ-उत्पादन सुरू झाले. ‘जनता’सारखी हाताने किल्ली देण्याची घड्याळे अनेक दशके नोकरदार वर्गाची सोबती होती. रोज सकाळी ठरलेल्या वेळी घड्याळाला किल्ली देणे हा त्या काळच्या दिनक्रमाचा भाग होता आणि रोजचे हे काम उजव्या हाताने करायचे असल्याने घड्याळ डाव्या हातात असणे स्वाभाविक होते.

मूळ कारण मात्र नंतर क्षीण होत गेले. १९२०च्या दशकात जॉन हारवुड यांनी हाताच्या हालचालीने आपोआप किल्ली बसणाऱ्या मनगटी घड्याळाचे पेटंट घेतले. १९३१ मध्ये रोलेक्सने पूर्ण वर्तुळात फिरणाऱ्या वजनाची रचना आणली. डिसेंबर १९६९ मध्ये सेइकोने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ बाजारात आणल्यावर तर रोज किल्ली देण्याची गरजच उरली नाही. कारण मागे पडले, संकेत मात्र तसाच राहिला.

उजव्या मनगटावर काय बदलते

नेहमीच्या रचनेचे घड्याळ उजव्या मनगटावर बांधले की किल्ली पंजाऐवजी कोपराच्या दिशेला येते. याचा एक स्पष्ट लाभ आहे. पाणबुड्यांसाठी बनवलेल्या किंवा क्रीडाप्रकारच्या जाड घड्याळांची किल्ली मोठी असते. मनगट मागे वाकवले की ती डाव्या हाताच्या पंजाच्या पाठीवर रुतते आणि तेथे वळ उठतो. जमिनीवर हात टेकून उठताना, व्यायामात जोर काढताना किंवा हातगाडी ढकलताना हे जाणवते. उजव्या मनगटावर किल्ली कोपराकडे असल्याने हा त्रास होत नाही. रशियाचे अध्यक्ष व्लादिमीर पुतिन उजव्या हाताने लिहितात, तरीही घड्याळ उजव्या मनगटावर बांधतात, हे त्यांच्या असंख्य सार्वजनिक छायाचित्रांतून दिसते.

या मांडणीची गैरसोयही आहे. उजव्या मनगटावरील घड्याळाची कोपराकडे असलेली किल्ली डाव्या हाताने फिरवणे अवघड जाते. बोटे तिरकी येतात आणि किल्ली सरळ ओढली न जाता वाकडी ओढली जाते. किल्लीमागील बारीक दांड्यावर असा आडवा ताण वारंवार पडणे हितावह नसते. त्यामुळे उजव्या हातात घड्याळ बांधणाऱ्याने वेळ लावताना किंवा किल्ली देताना घड्याळ काढून हातात घ्यावे. हाताने किल्ली देण्याच्या जुन्या घड्याळांना हे अधिक लागू पडते. आट्या असलेली किल्ली पुन्हा घट्ट बसवली आहे ना, याचीही प्रत्येक वेळी खात्री करावी, कारण ती सैल राहिल्यास पाणी आत शिरू शकते.

आपोआप किल्ली बसणाऱ्या घड्याळाच्या बाबतीत एक शंका नेहमी घेतली जाते. उजवा हात अधिक हलतो, त्यामुळे मुख्य स्प्रिंग प्रमाणाबाहेर आवळली जाईल, अशी ती शंका असते. प्रत्यक्षात अशा घड्याळांत स्प्रिंगचे बाहेरचे टोक डब्याच्या भिंतीला पक्के बांधलेले नसते. स्प्रिंग पूर्ण आवळली की ते टोक घसरते आणि जादा ताण आपोआप सुटतो. उलट, दिवसभर बैठे काम करणाऱ्या व्यक्तीच्या अधिक हलणाऱ्या हातावर असे घड्याळ चांगले चालू राहते.

अचूकतेचा प्रश्न

यांत्रिक घड्याळाची गती ते कोणत्या स्थितीत आहे यावर थोडीफार बदलते. तबकडी वर असताना आणि घड्याळ उभे असताना आतील तोलचक्रावर गुरुत्वाकर्षणाचा आणि घर्षणाचा परिणाम सारखा नसतो. डावा हात खाली सोडला की त्यावरील घड्याळाची किल्ली जमिनीकडे असते. तेच घड्याळ उजव्या हातावर असेल तर हात खाली सोडल्यावर किल्ली आकाशाकडे जाते. म्हणजेच मनगट बदलले की घड्याळाची दिवसभरातील एक प्रमुख स्थिती नेमकी उलटी होते.

याची दखल चाचणी घेणाऱ्यांनी आधीच घेतली आहे. स्वित्झर्लंडमधील अधिकृत क्रोनोमीटर चाचणी संस्था, म्हणजे ‘सीओएससी’, यंत्राची १५ दिवस पाच स्थितींमध्ये आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस अशा तीन तापमानांत परीक्षा घेते. या पाच स्थितींत किल्ली खाली आणि किल्ली वर या दोन्हींचा समावेश आहे. सरासरी दैनिक फरक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत असलेल्या यंत्रालाच प्रमाणपत्र मिळते. त्यामुळे प्रमाणित घड्याळ उजव्या हातावरही समाधानकारक वेळ दाखवेल, अशी अपेक्षा ठेवता येते. मनगट बदलल्यावर रोजच्या वेळेत काही सेकंदांचा फरक आढळला तर तो बिघाड समजू नये. देखभालीच्या वेळी घड्याळजीला घड्याळ उजव्या हातावर असते एवढे सांगितले, तर तो त्यानुसार गती जुळवून देऊ शकतो.

झीज, धक्के आणि ओरखडे

खरी काळजी घ्यायची असते ती झीज आणि धक्क्यांबाबत. येथे ‘उजवा’ आणि ‘डावा’ यापेक्षा ‘कामाचा हात’ कोणता, हे महत्त्वाचे ठरते. ज्या हाताने माणूस लिहितो, दार उघडतो, हातोडी मारतो, भाजी चिरतो किंवा बॅट धरतो, तो हात अधिक आपटतो आणि अधिक घासला जातो. उजव्या हाताने काम करणाऱ्याने उजव्या मनगटावर घड्याळ बांधले, तर त्याला ही जोखीम पत्करावी लागते. मात्र डावखुरी व्यक्ती केवळ संकेतापोटी डाव्या मनगटावर घड्याळ बांधते, तेव्हा तीही नेमकी हीच जोखीम पत्करत असते, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही.

तोलचक्राच्या आसाची टोके मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही बारीक असतात. १९३०च्या दशकात आलेल्या ‘इन्काब्लॉक’सारख्या धक्काशोषक रचनांमुळे ही टोके पूर्वीसारखी सहज मोडत नाहीत. तरीही हातोडी, ड्रिल यंत्र, टेनिसची रॅकेट किंवा क्रिकेटची बॅट यांचे धक्के वारंवार यंत्रापर्यंत पोहोचू देणे शहाणपणाचे नाही. अशा वेळी घड्याळ कोणत्याही मनगटावर न ठेवता काढून ठेवावे. आजीवांकडून किंवा आजोबांकडून आलेल्या फार जुन्या घड्याळांत धक्काशोषक रचना नसण्याची शक्यता असते, त्यामुळे त्यांच्याबाबत अधिक जपावे.

बाह्य भागांत काचेपेक्षा धातूला धोका अधिक असतो. महागड्या घड्याळांची काच बहुधा कृत्रिम नीलमण्याची असते. काठिण्याच्या मोह्स मापनात तिचे स्थान ९ आहे, तर हिऱ्याचे १०. त्यामुळे हिऱ्याची अंगठी वगळता रोजच्या वापरातील फारच थोड्या वस्तू तिच्यावर ओरखडा उमटवू शकतात. पोलाद आणि विशेषतः सोने मात्र मऊ असते. कामाच्या हातावरील पोलादी पट्ट्याची पकड मेजावर आणि लॅपटॉपच्या कडेवर सतत घासते. ओरखडे काढण्यासाठी वारंवार चकाकी करून घेणे हा उपाय नव्हे, कारण प्रत्येक वेळी धातूचा थर जातो, कडा बोथट होतात आणि पुनर्विक्रीचे मूल्य घटते. ओरखड्यांचा त्रास वाटणाऱ्यांसाठी कठीण धातूमिश्रणाची किंवा सिरॅमिकची घड्याळे हा पर्याय आहे. राडोने १९६२ मध्ये आणलेले ‘डायस्टार’ याच गुणामुळे ओळखले जाते.

भारतीय मनगटाच्या अडचणी

पाश्चात्त्य लेखनात न आढळणारे काही मुद्दे भारतीय वापरात पुढे येतात. आपल्याकडे उजवे मनगट बहुधा रिकामे नसते. पूजेनंतर पुरुषांच्या उजव्या हाताला नाडा बांधला जातो, राखीही उजव्याच हाताला बांधतात आणि अनेकांच्या उजव्या हातात कडे असते. पोलादी कडे घड्याळाच्या कडेवर दिवसभर आपटत राहिले तर दोन्हींवर खुणा पडतात. ओला राहणारा धागा चामड्याच्या पट्ट्याला डागाळू शकतो. पाटल्या आणि बांगड्या घालणाऱ्या स्त्रियांनाही हाच प्रश्न येतो. घड्याळ आणि बांगड्या एकाच हातात असतील, तर सोन्याचा मऊपणा आणि खड्यांचा कठीणपणा या दोन्हींचा विचार करावा लागतो.

दुसरा मुद्दा जेवणाचा. उजव्या हाताने जेवण्याच्या पद्धतीत उजव्या मनगटावरील घड्याळ हळद, तेल आणि वारंवार धुतल्या जाणाऱ्या हाताच्या पाण्याच्या सान्निध्यात राहते. हळदीचा डाग फिक्या चामड्यातून सहसा निघत नाही. ‘३० मीटर’ असे लिहिलेल्या घड्याळाचा अर्थ ते तेवढ्या खोल पाण्यात नेता येते असा नसून, ते पाण्याच्या शिंतोड्यांना टिकते एवढाच आहे. उजव्या हातावर घड्याळ बांधणाऱ्याला त्यामुळे धातूचा किंवा रबराचा पट्टा अधिक सोयीचा ठरतो.

तिसरा मुद्दा वाहनांचा. भारतात चालक मोटारीत उजवीकडे बसतो. सिग्नलला थांबल्यावर खिडकीत टेकवलेल्या उजव्या हातावरील महागडे घड्याळ रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाच्याही नजरेस आणि हातास पडते. दुचाकीस्वाराच्या बाबतीत स्थिती थोडी वेगळी आहे. वेग देताना त्याचे उजवे मनगट मागे वाकते, तेव्हा किल्ली कोपराकडे असल्याने ती रुतत नाही. मात्र हँडलची कंपने दोन्ही हातांना जाणवतात.

उजव्या मनगटासाठीच बनवलेली घड्याळे

काही कंपन्यांनी किल्ली डावीकडे, म्हणजे नऊच्या आकड्यावर असलेली घड्याळे तयार केली आहेत. अशा रचनेला घड्याळांच्या जगात ‘देस्त्रो’ म्हणतात. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘उजवा’. किल्ली डावीकडे असताना नाव ‘उजवा’ कसे, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर असे की हे नाव किल्लीवरून पडलेले नसून, घड्याळ ज्या मनगटावर बांधायचे त्यावरून पडले आहे. इटलीच्या नौदलाला साहित्य पुरवणाऱ्या फ्लॉरेन्सच्या पानेराय कंपनीच्या घड्याळांमुळे हा शब्द प्रचलित झाला.

ट्यूडरने २०१६ मध्ये पाणबुड्यांसाठीच्या ‘पेलागोस’ घड्याळाची ‘एलएचडी’ आवृत्ती आणली. ही अक्षरे ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ या मोटारींच्या परिभाषेतून घेतलेली आहेत. २०२२ मध्ये रोलेक्सने हिरव्या-काळ्या कड्याचे ‘जीएमटी मास्टर टू’ सादर केले, तेव्हा त्यात किल्ली आणि तारखेची खिडकी या दोन्ही गोष्टी डावीकडे होत्या. हा बदल वाटतो तितका साधा नसतो. यंत्र अर्ध्या वर्तुळात फिरवून बसवले की तारखेच्या चकतीवरील आकडे उलटे दिसू लागतात, त्यामुळे ती चकती नव्याने छापावी लागते.

डावीकडे किल्ली असलेले प्रत्येक घड्याळ डावखुऱ्यांसाठी असते, असे मात्र नाही. ह्यूअरच्या १९६९ च्या ‘मोनॅको’ घड्याळात किल्ली डावीकडे आली ती आतील स्वयंचलित यंत्राच्या मांडणीमुळे. या घड्याळाला रोज किल्ली द्यावी लागत नाही, हे दाखवण्यासाठी कंपनीने त्या मांडणीचाच जाहिरातीत उपयोग केला. स्टीव्ह मॅक्वीन यांनी १९७१ च्या ‘ले माँ’ या चित्रपटात ते घातल्याने ते जगप्रसिद्ध झाले.

नेहमीचे घड्याळ स्थानिक पातळीवर उघडून किल्ली डावीकडे करून घेण्याचा मोह टाळावा. असा बदल केल्यास कंपनीची हमी संपुष्टात येते, जलरोधकता धोक्यात येते आणि घड्याळाचे मूळ स्वरूप हरवल्याने त्याची किंमत उतरते.

डावखुऱ्यांचा प्रश्न

जगातील सुमारे १० टक्के लोक डावखुरे असल्याचे मानले जाते. कात्री, बाकाला जोडलेली लिहिण्याची फळी, विळी आणि घड्याळ या वस्तू मात्र उरलेल्या ९० टक्क्यांना समोर ठेवून घडवल्या जातात. आपल्याकडे डाव्या हाताला अशुभ मानण्याची प्रथा असल्याने डावखुऱ्या मुलांना सक्तीने उजव्या हाताकडे वळवण्याचे प्रकारही घडत आले आहेत. अशा घरात वाढलेल्या व्यक्तीने पुढे स्वतःच्या कमाईतून घेतलेले घड्याळ उजव्या मनगटावर बांधले, तर ते अनेकदा वेगळेपणाचे प्रदर्शन समजले जाते. प्रत्यक्षात कामाचा हात मोकळा ठेवण्याचा जो विचार उजव्या हाताने काम करणारे नकळत करतात, तोच तिने केलेला असतो.

हाताची सवय नेहमी एकसारखी असते असेही नाही. सचिन तेंडुलकर उजव्या हाताने फलंदाजी करत आणि डाव्या हाताने लिहितात, हे सर्वश्रुत आहे. अशा मिश्र सवयीच्या व्यक्तींसाठी ‘योग्य मनगट’ कोणते, हे त्यांच्या रोजच्या कामाच्या स्वरूपावरूनच ठरते.

शिष्टाचाराच्या दृष्टीनेही उजवे मनगट आक्षेपार्ह नाही. समारंभात पूर्ण बाह्यांचा सदरा किंवा शेरवानी घालायची असल्यास मनगटपट्टीचा विचार मात्र करावा लागतो. कुशल शिंपी घड्याळासाठी डाव्या हाताची पट्टी किंचित सैल ठेवतात. उजव्या हातावर घड्याळ बांधणाऱ्याने माप देतानाच तसे सांगावे, म्हणजे जाड घड्याळ बाहीत अडकत नाही.

मनगटाची निवड ज्या उपकरणांत खरोखर महत्त्वाची ठरते, ती म्हणजे स्मार्ट घड्याळे. हृदयाचा विद्युत आलेख काढण्याची सोय असलेल्या घड्याळात एका मनगटाचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाचा स्पर्श वापरला जातो. घड्याळ कोणत्या मनगटावर आहे याची नोंद चुकीची असेल, तर आलेख उलटा येऊ शकतो आणि डॉक्टरांची दिशाभूल होऊ शकते. हात बदलल्यास सेटिंगमधील ही नोंद न विसरता बदलावी.

खरेदीपूर्वी

घड्याळ उजव्या मनगटावर बांधण्याचा विचार असणाऱ्यांनी दुकानात ते त्याच मनगटावर बांधून पाहावे. कामाच्या हाताचे मनगट बहुधा किंचित जाड असते, त्यामुळे पट्ट्याचे माप डाव्या हातावर घेतल्यास ते आवळते. उजव्या हाताची सवय असलेल्याला डाव्या हाताने साधे बकल लावणे सुरुवातीला जमत नाही आणि घड्याळ निसटून फरशीवर पडण्याचे प्रसंग तेव्हाच अधिक येतात. घडीची पकड असलेला पट्टा निवडल्यास हा धोका कमी होतो. सवय होईपर्यंत घड्याळ पलंगावर बसून बांधावे.

किमतीच्या हिशेबात करांचाही विचार करावा. २२ एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांहून अधिक किमतीच्या मनगटी घड्याळांवर विक्रेत्याकडून १ टक्का दराने कर उगमस्थानी गोळा केला जातो. ही रक्कम खरेदीदाराला आपल्या प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळती करून घेता येते. त्यासाठी खरेदी पॅन क्रमांकासह करावी आणि पावती, हमीपत्र व अनुक्रमांकाची नोंद जपून ठेवावी. चोरी, विमा किंवा पुनर्विक्री या तिन्ही प्रसंगी हीच कागदपत्रे उपयोगी पडतात.

निर्णय घेण्यापूर्वी घरातील एखादे साधे घड्याळ आठवडाभर उजव्या हातात बांधून पाहणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. लिहिताना, जेवताना, गाडी चालवताना आणि झोपण्यापूर्वी ते काढताना जे जाणवेल, त्यावरून महागडे घड्याळ कोणत्या हातात बांधायचे, हे ज्याचे त्याला ठरवता येईल.